कठीण दिवसांत झाडाकडे कसं बघावं

घरात आजारपण असलं किंवा माणूस गेलं की ‘जरा निसर्गात जाऊन ये’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तो डोंगर कुठला चढणार? आधी खिडकीतून दिसणारं एकच काहीतरी निवडा. झाड, फांदी, भिंतीच्या भेगेतलं रोपटं. हिरवं काहीच नसेल तर आभाळ.

खिडकीला कमी लेखू नका. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकानं तपासल्या. १९८४ साली छापलेल्या त्या अभ्यासात, खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते. तीव्र वेदनाशामकंही त्यांना कमी लागली.

रोज ठरावीक वेळी बघा. मी दात घासताना बघते. मोबाईल आत ठेवा. फोटो काढला की बघणं संपतं, हे माझं ठाम मत. सुरुवातीला कंटाळा येईल, येऊ द्या. मग बारकावे दिसू लागतात. माझ्यासमोरच्या भिंतीत पिंपळ उगवलाय. त्याचं नवं पान तांबूस, लुळं, तेल लावल्यासारखं चकाकतं. हिरवं होता होता ताठ होतं. एकदा कुणीतरी त्याचा शेंडाच मोडला. मला वाटलं, संपलं. काही दिवसांनी खालच्या पानाच्या बेचक्यात डोळा, म्हणजे दबून असलेला कोंब, फुटला. शेंडा असतो तोवर तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. डोळे तिथेच होते, आधीपासून.

रात्री वहीत तारीख घालून आभाराची एक ओळ लिहा. ‘निसर्गाचे आभार’ असलं मोघम नको. ‘दुपारी फांदीची सावली उशीपर्यंत आली, तेवढा वेळ ऊन चुकलं’ असं नेमकं हवं. एखाद्या दिवशी नाही सुचलं तर पान कोरं सोडा. बळंच मानलेले आभार मनाला टोचतात, आणि दुःखातल्या माणसाला ‘आहे त्यात समाधान मान’ म्हणणं तर दुष्टपणाच.

अंगात बळ आलं की बाहेर पडा. इंग्लंडमधल्या जवळपास २०,००० लोकांच्या पाहणीत (२०१९) आठवड्याला १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यांनी, यानं फरक पडला नाही.

झोपच उडाली असेल, जगावंसं वाटत नसेल, तर आधी डॉक्टर गाठा. झाड जोडीला असू द्या.