डायलिसिस युनिटमधल्या या चुका टाळा: शिफ्ट बदलतानाच्या वीस मिनिटांत संसर्ग कुठून शिरतो

बहुतेक युनिटमध्ये कोपऱ्यात एक मशीन असतं. त्यावर लाल पट्टी आणि 'एचसीव्ही' अशी अक्षरं. ते वेगळं ठेवलं की बाकीचा हॉल सुरक्षित, असा समज असतो. पण हिपॅटायटिस सी (एचसीव्ही हा त्याचा विषाणू) सहसा मशीनच्या पोटातून पसरत नाही. तो पसरतो हातमोज्यांवरून, ट्रेवरून, हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) बाटलीवरून आणि खुर्चीच्या हातांवरून. त्यातलं बरंचसं घडतं ते एक पेशंट उतरून दुसरा चढेपर्यंत.

शिवाय लागण झाल्यावर अँटिबॉडी तपासणी पॉझिटिव्ह यायला आठ-दहा आठवडे लागू शकतात. तेवढे दिवस तो पेशंट 'निगेटिव्ह'च्याच रांगेत बसतो. म्हणून काळजी प्रत्येक खुर्चीवर सारखीच घ्यायची. एचसीव्हीची तपासणी दर सहा महिन्यांनी, एसजीपीटी (यकृताची रक्ततपासणी) दर महिन्याला. गणपतीला गावी जाऊन तिथल्या युनिटमध्ये दोन-तीन सेशन करून आलेल्या पेशंटची तपासणी परतल्यावर लगेच करायची. नेमकी हीच राहून जाते.

हिपॅटायटिस बीचं गणित वेगळं आहे. हा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकतो. त्याच्या पेशंटला वेगळी खोली, वेगळं मशीन, वेगळं सामान लागतं, आणि त्या शिफ्टला वेगळी सिस्टरही लागते. खोली वेगळी पण सिस्टर तीच, बीपीचा पट्टा तोच, असं असेल तर खोलीचा उपयोग शून्य. लशीतही एक चूक हमखास होते. डायलिसिसच्या पेशंटला नेहमीचा २० मायक्रोग्रॅमचा डोस पुरत नाही. ४० मायक्रोग्रॅमचे चार डोस द्यायचे: पहिला, मग १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, बघायचं. ते १० (mIU/mL) च्या खाली असेल तर कोर्स पुन्हा. 'व्हॅक्सिन दिलं' एवढा शिक्का फाइलवर मारून भागत नाही, टायटर दरवर्षी बघावं लागतं.

पेशंट खुर्चीत असतानाच साफसफाई

सुया काढल्यात, पेशंट बोळा दाबून बसलाय, आणि मावशी बाजूने मशीन पुसतायत. दुसऱ्या शिफ्टचा पेशंट दारात उभा, त्याचं ट्यूबिंग मशीनवर चढलेलंसुद्धा. हे दृश्य रोजचं आहे आणि सगळ्यात धोक्याचंही. क्रम असा हवा: रक्त थांबलं, पेशंट उठून गेला, वापरलेलं ट्यूबिंग पिशवीत गेलं, प्रायमिंगचं (सुरुवातीला ट्यूबिंग सलाइनने भरताना निघणाऱ्या पाण्याचं) भांडं रिकामं केलं. मग साफसफाई. जागा वाळली की नवं सामान आणायचं.

हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) बनवतानाही अंदाज चालत नाही. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर १० मिली हायपो आणि ९९० मिली पाणी, म्हणजे ५०० पीपीएम (दहा लाख भागांत ५०० भाग). खुर्ची, टेबल आणि मशीनचा बाहेरचा भाग यासाठी हे पुरतं. रक्त सांडलं असेल तर आधी टिपून घ्यायचं, मग १०० मिलीला ९०० मिली पाणी. पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहायला हवा. पुसल्या पुसल्या कोरडा कपडा फिरवला तर काम फुकट. द्रावण रोज सकाळी नवं करायचं, कारण उघड्या बादलीत आणि उन्हात क्लोरीन उडून जातं. एक फडकं एकाच स्टेशनला. तेच फडकं बादलीत बुचकळून आठ खुर्च्या पुसल्या, तर पहिल्या खुर्चीवरचं रक्त आठव्या खुर्चीपर्यंत पोचतं.

हातमोजे घातले म्हणून हात धुणं सुटत नाही. एका पेशंटचा अलार्म बंद करून त्याच मोज्यांनी शेजारच्याची सुई चाचपणं, ही आवडती चूक. मशीनचं बटणही पेशंटइतकंच दूषित धरायचं.

ट्रान्सड्यूसरची ओली चकती

व्हीनस प्रेशरची (पेशंटकडे परतणाऱ्या रक्ताचा दाब मोजणारी) बारीक नळी मशीनला जिथे जोडतात, तिथे दाब मोजणाऱ्या ट्रान्सड्यूसरच्या आधी पांढऱ्या जाळीची एक छोटी चकती असते. हवा जाते, द्रव अडतो, एवढंच तिचं काम. चेंबरमधली पातळी वर चढली की ती भिजते, प्रेशर चुकीचं दिसू लागतं. अशा वेळी काही टेक्निशियन सिरिंजने हवा मारून रक्त मागे ढकलतात. त्याने पडदा फाटतो आणि रक्त मशीनच्या आत जातं. योग्य रीत: नळी क्लॅम्प करा, चकती बदला, आणि काढलेल्या चकतीची मशीनकडची बाजू उजेडात धरून बघा. तिथे रक्ताचा डाग असेल तर सेशन संपल्यावर ते मशीन बाजूला काढायचं. इंजिनिअरने आतला भाग उघडून निर्जंतुक केल्याशिवाय दुसरा पेशंट त्यावर घ्यायचा नाही.

हेपॅरिन खुर्चीजवळ भरणं

२५,००० युनिटची ५ मिलीची बाटली चार-पाच पेशंटना पुरते, म्हणून ती ट्रेमध्ये घेऊन खुर्चीखुर्चीशी फिरतात. वापरलेली सुई एकदाच त्या बाटलीत गेली की पुढच्या सगळ्यांना धोका. औषधं स्वच्छ वेगळ्या टेबलावर भरायची, प्रत्येक पेशंटची सिरिंज नाव लिहून एकेक न्यायची. खुर्चीपर्यंत गेलेलं काहीही त्या टेबलावर परत येत नाही, न वापरलेला कापूससुद्धा नाही. ईपीओच्या (रक्त वाढवणाऱ्या इंजेक्शनच्या) उरलेल्या थेंबांची बेरीज करून एक डोस बनवणं ही काटकसर नव्हे.

परमकॅथ उघडताना

परमकॅथ म्हणजे डायलिसिससाठी मोठ्या शिरेत बसवलेली नळी, कॅथेटर. ते रक्तवाहिनीतून थेट हृदयाजवळ पोचतं, त्यामुळे इथली चूक सगळ्यात महाग पडते. सिस्टर आणि पेशंट दोघांच्या तोंडावर मास्क, आणि आसपास पंखा बंद. आधी क्लॅम्प लागलेत ना बघायचं, मग टोपण काढायचं, नाहीतर हवा आत ओढली जाते. टोपण काढल्यावर हबचं (नळीच्या जोडाचं) तोंड आणि आटे जंतुनाशक स्वॅबने १५ सेकंद घासायचे. नुसतं वरून टेकवणं म्हणजे घासणं नव्हे. उघडा हब टेबलावर ठेवायचा नाही, तो हातातच वाळू द्यायचा. ड्रेसिंगला क्लोरहेक्सिडिन आणि अल्कोहोल. वॉर्डातून 'नस मिळत नाही, परमकॅथमधून रक्त काढा' असा निरोप आला तर नकार द्या.

फिस्टुला (हातातली शीर आणि धमनी जोडून केलेली सुईची जागा) असेल तर पेशंटने खुर्चीत बसण्याआधी तो हात साबणाने धुवायचा. जंतुनाशक लावल्यावर जागा पुन्हा बोटाने चाचपली की सगळं पहिल्यापासून.

पाणी: रजिस्टरवर ०.०, टाकीत काय?

मिनिटाला ५०० मिली या दराने चार तासांत १२० लिटर डायलिसेट (रक्त शुद्ध करणारं द्रावण) पेशंटच्या रक्ताशेजारून जातं, मध्ये एक पातळ पडदा. ब्राझीलमधल्या कारुआरू इथे १९९६ मध्ये पाण्यातल्या शेवाळाच्या विषाने ५० हून अधिक पेशंट दगावले, ते ह्याच वाटेने.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की पालिका क्लोरीनचा डोस वाढवते. उन्हाळ्यात टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडते, तीही अंदाजपंचे. नदीच्या पाण्यात सांडपाण्याचा अमोनिया असला की क्लोरामाइन तयार होतं, आणि ते आरओच्या मेम्ब्रेनने अडत नाही. अडतं ते कार्बनच्या टाकीत. म्हणून एकामागे एक दोन टाक्या हव्यात आणि दोन्ही मिळून पाण्याला दहा मिनिटांचा सहवास. 'फ्री' क्लोरीनच्या पट्टीला क्लोरामाइन दिसत नाही, टोटल क्लोरीनच मोजायचं. आरओ किमान १५ मिनिटं चालल्यावर, प्रत्येक शिफ्टच्या आधी, पहिल्या टाकीनंतरच्या नळातून. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम. तिथे जास्त आलं तर दुसऱ्या टाकीनंतर मोजा. तिथे ठीक असेल तर दर अर्ध्या तासाने मोजत काम चालू ठेवता येतं, पण पहिली टाकी लवकरात लवकर बदलायची. दुसऱ्या टाकीनंतरही जास्त असेल तर सगळी मशीन थांबवायची. महिनाभराचं रजिस्टर एकाच शाईत, एकाच हातानं, सगळीकडे '०.०' असं भरलेलं दिसलं की समजावं, कोणी मोजलेलं नाही.

डायलिसेटमध्ये मिसळायच्या बायकार्बोनेटचा कॅन हे जंतूंचं आवडतं घर. कालच्या उरलेल्यात आजचं ओतायचं नाही. २४ तासांत वापरा, उरलेलं फेका, कॅन आरओच्या पाण्याने खळबळून उपडा वाळवा.

पेशंटला थंडी वाजली तर

सुरू केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली की ब्लँकेट टाकून पॅरासिटामॉल देण्याची घाई होते. आधी मोजा, किती जणांना? एकालाच, आणि त्याला परमकॅथ असेल, तर संशय कॅथेटरवर. अँटिबायोटिक देण्याआधी ब्लड कल्चरचे (रक्तात जंतू आहेत का हे बघण्याचे) दोन संच घ्या. नंतर घेतलेलं कल्चर बहुधा काहीच सांगत नाही. एकाच शिफ्टला दोघा-तिघांना झालं तर पाणी किंवा बायकार्बोनेट बघा. रीयूजचे (धुऊन त्याच पेशंटला पुन्हा वापरायचे) डायलायझर, म्हणजे रक्त गाळणारे फिल्टर, असतील तर जंतुनाशक पेरॅसेटिक ॲसिड ११ तास आत होतं का आणि धुतल्यावर ते ३ पीपीएमच्या खाली आलं का, हेही तपासा. रीयूजच्या डायलायझरवरचं नाव दोघांनी वाचायचं. एका हॉलमध्ये दोन पाटील असतातच.

ट्यूबिंगमधलं रक्त पारदर्शक, डाळिंबाच्या रसासारखं दिसायला लागलं आणि पेशंटची छाती किंवा पाठ दुखू लागली, तर लाल पेशी फुटतायत असं धरा. पंप बंद, दोन्ही लाइन क्लॅम्प, आणि ते रक्त पेशंटला परत द्यायचं नाही. फुटलेल्या पेशींमधलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं. पाण्याचा आणि डायलिसेटचा नमुना त्याच वेळी भरून ठेवा, लूप (मशीनपर्यंत पाणी नेणारी पाइपलाइन) धुतल्यावर घेतलेल्या नमुन्यात काही सापडणार नाही. पाण्याच्या महिन्याच्या कल्चरलाही हेच लागू: नमुना निर्जंतुकीकरणाच्या आधी, लूपच्या शेवटच्या टोकावरून. मर्यादा मिलीला १०० जंतू, पण ५० ओलांडले की हालचाल सुरू करायची.