बरणीतलं ‘गांडूळ’

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला एका स्पॉटवर, म्हणजे ओळखायला ठेवलेल्या नमुन्यावर, मी बिनधास्त लिहिलं : गांडूळ, संघ (प्राण्यांचा मोठा गट) ॲनेलिडा. कारण? लांबट अंग, अंगावर वळी, मातीत राहतं. बरणीत होतं देवगांडूळ! बेडकासारखा उभयचर, चांगला कणा असलेला प्राणी. तोंडीला परीक्षक हसले, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

संघांची नावं तुम्ही पाठ कराल, त्याची काळजी नाही. घोटाळा होतो तो कारणं लिहिताना. मी लिहिली ती प्राणी कुठे, कसा जगतो त्याची कारणं. तो कोण आहे त्याची नव्हेत. मातीत घुसत सरकायचं तर लांब, बिनपायाचं अंग सोयीचं. हे झालं अनुकूलन. ते गांडुळाकडे आहे, देवगांडुळाकडे आहे, वाळा सापाकडेही आहे. म्हणून तिघं भाऊबंद होत नाहीत. देवगांडुळाला कवटी, कणा, जबड्यात दात, आणि डोळा व नाकपुडीच्या मध्ये इवलीशी स्पर्शिका. गांडुळाला यातलं काहीच नाही. ते आतूनही पडद्यांनी खंडाखंडांत विभागलेलं, त्वचेत दृढरोम (बारीक ताठ केस), आणि वर्गात शिकवतात त्या फेरेटिमा जातीच्या गांडुळाच्या 14 ते 16 खंडांवर क्लायटेलमचा, म्हणजे जाडसर ग्रंथींचा, पट्टा. पुन्हा सांगतो, राहणीमान खोडा आणि मग उरलेलं उत्तर वाचा. काही उरलं नाही तर गुणही मिळणार नाहीत.

वटवाघूळ, देवमासा इथेही हाच सापळा आहे, पण तिथे सगळे सावध असतात.

गाईडमधल्या ‘ओळखण्याच्या खुणां’वर माझा राग आहे, त्यात लक्षणं आणि अनुकूलनं एकाच रकान्यात कोंबलेली असतात. सीनियरच्या जर्नलवर तर बिलकूल विसंबू नका. मला खरं शिकवलं लॅबमधल्या मामांनी. बरणी खिडकीशी धरून म्हणाले, “रंग बघू नकोस, फॉर्मालिननं उडतो. तोंड बघ.”

आणि घाबरू नका. 1758 मध्ये सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या खुद्द लिनियसने देवगांडुळं सापांत घातली होती. अर्थात, कणा त्याला दिसला होता, मला तोही नाही.

एटीकेटीला, म्हणजे राहिलेल्या विषयाच्या फेरपरीक्षेला, स्पॉटवर वाळा आला. हात थांबला, पण अंगभर चकचकीत खवले दिसले. सरपटणारा लिहिलं आणि ‘मातीत राहतो’ हे शब्द मुद्दाम गाळले.