‘रिले फेल’ आलं की आधी हात मागे

रात्री अडीचला सबस्टेशनमधून ऑपरेटरचा फोन येतो. लाइनवर फॉल्ट आला की ब्रेकर उघडायला लावणारे रिले या लाइनला दोन आहेत, मेन-१ आणि मेन-२. त्यातला एक पडलाय. “मॅडम, दोन नंबर लाइनच्या मेन-१ला रिले फेल आलंय. डीसी एमसीबी एकदा खाली-वर करू का?”

नको. आधी स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा, मोबाइलनं फोटो काढा, मग बोलू. टेस्टिंगला चौदा वर्षं झाली, माझं उत्तर बदललेलं नाही. डीसी (एमसीबी या स्विचमधून येणारा बॅटरीचा पुरवठा) काढून दिला की न्यूमेरिकल, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा, रिले बऱ्याचदा निमूट उठतो, हिरवा दिवा लागतो आणि सगळे झोपायला मोकळे. पण तो कशानं पडला होता हे सांगणारा कोड त्या भानगडीत जातो. सकाळी सर्व्हिस इंजिनिअरला सांगायला आपल्याकडे उरतं काय, तर “आपोआप ठीक झाला”. आठ-दहा दिवसांनी तो परत पडतो, बहुतेक वेळा रात्रीच.

कोड वाचायचा तर रिले आत काय तपासत असतो ते माहीत हवं. जुन्या, फिरत्या चकतीच्या सीडीजी रिलेला असलं काही नव्हतं. चकती अडकलीय की फिरतेय हे वार्षिक टेस्टिंगला कळायचं, नाहीतर थेट फॉल्टच्या दिवशी. १९८४ साली अमेरिकेत श्वाइत्झरच्या एसईएल कंपनीचा एसईएल-२१ हा डिजिटल रिले बाजारात आला, आणि त्या पिढीपासून रिले स्वतःच्या तब्येतीची वर्दी स्वतः देऊ लागला.

सगळ्यात आतला पहारेकरी म्हणजे वॉचडॉग टायमर. प्रोग्रामनं ठरावीक वेळेत या टायमरला पुन्हा शून्यावर आणायचं असतं. प्रोग्राम कुठे अडकला तर टायमर भरतो आणि प्रोसेसरला रिसेट मारतो. सिमेन्सचा सिप्रोटेक-४ रिले अशा वेळी स्वतःच पुन्हा सुरू होऊन बघतो. ३० सेकंदांत तीन प्रयत्न फसले की स्वतःला सेवेतून काढून घेतो आणि लाल ‘एरर’ दिवा लावतो. मेमरीची तपासणी याहून साधी आहे. रॅममध्ये ठरलेला नमुना लिहायचा आणि वाचून ताडायचा. प्रोग्राम आणि सेटिंगची चेकसम (पडताळणीची बेरीज) काढून साठवलेल्या आकड्याशी जुळवायची. पॉवर सप्लायचे आतले व्होल्टेज मोजायचे. पंधरा वर्षं जुन्या पॅनेलवर माझा पहिला संशय याच पॉवर सप्लायवर असतो, कारण त्यातले कपॅसिटर उन्हाळ्यात हळूहळू सुकत जातात.

मला सगळ्यात आवडणारी तपासणी ऑफसेटची, म्हणजे मोजमाप शून्यापासून किती सरकलंय त्याची. सीटीचा (लाइनचा करंट लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर) करंट रिलेत शिरतो तो आतल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून, आणि ट्रान्सफॉर्मरमधून स्थिर डीसी पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणजे लाइनवर काहीही चाललेलं असो, बऱ्याच सायकलींची सरासरी शून्याच्या आसपासच यायला हवी. ती सरकली, तर दोष फिल्टरमध्ये किंवा एडीसीत (सिग्नलचे आकडे करणारा भाग), लाइनचा त्यात काही संबंध नाही. लाइन चालू असताना, एकही वायर न सोडवता, रिले स्वतःचा काटा असा तपासून घेतो. एसईएलच्या रिलेत ‘स्टेटस’ कमांड दिली की प्रत्येक चॅनेलचा ऑफसेट दिसतो. आकड्यापुढे डब्ल्यू असेल तर इशारा, एफ असेल तर निकाल लागला. हे आकडे वर्षातून दोनदा वहीत उतरवून ठेवा. एकच चॅनेल दर वेळी थोडं थोडं सरकत असेल तर एफ येण्याआधीच कार्ड मागवता येतं.

आता त्या रात्रीच्या फोनकडे. फोटो काढला, इव्हेंट लॉग लॅपटॉपवर उतरवला, की एसएलडीसीला (राज्याचं भार प्रेषण केंद्र) कळवून मेन-१ बाहेर काढण्याची परवानगी घ्या. मेन-२ खरोखर चालू आहे ना, हे त्याच्या पॅनेलपाशी जाऊन बघा. फोनवर विचारू नका. मेन-१च्या ट्रिप लिंक (रिलेचा आदेश ब्रेकरपर्यंत नेणाऱ्या वायरीतल्या जोडपट्ट्या) उघडा, ब्रेकर फेल्युअरला (ब्रेकर उघडलाच नाही तर आजूबाजूचे ब्रेकर पाडणारं संरक्षण) जाणारी लिंकसुद्धा. कॅरियर स्कीम (दोन टोकांच्या रिलेंचा आपसातला सिग्नल) असेल तर ती बाहेर काढा, नाहीतर उठता-उठता रिलेनं पलीकडे भलताच सिग्नल पाठवला तर तिकडची लाइन विनाकारण उडेल. लाइन डिफरेन्शियल (दोन्ही टोकांचे करंट ताडणारं संरक्षण) असेल तर पलीकडच्या टोकाला आधी फोन. एवढं झालं की डीसी खाली-वर करायला माझी हरकत नाही.

मात्र बझर वाजला म्हणून ही सगळी गोष्ट घडते. वाजलाच नाही तर?

वॉचडॉगचा कॉन्टॅक्ट उलटा विचार करून बनवलेला असतो. रिले निरोगी असताना आतली कॉइल ओढलेली आणि अलार्मचा कॉन्टॅक्ट उघडा. रिले मेला किंवा त्याचा डीसीच गेला, की कॉइल सुटते आणि कॉन्टॅक्ट मिटतो. मेलेल्याला ओरडता येत नाही, म्हणून ही योजना. एका बेमध्ये (एका लाइनच्या उपकरणांचा गट) मी डीसी एमसीबी पाडला आणि अननसिएटर (अलार्मच्या पेटत्या खिडक्यांचा फलक) ढिम्म. पॅनेलमागचा डक्ट उघडला तर फेरूल लावलेली एक वायर, टोकाला काळी टेप गुंडाळून, दुमडून ठेवलेली. पॅनेल बांधताना कॉन्टॅक्टचं चुकीचं टोक घेतलं गेलं होतं. त्यामुळे रिले ठणठणीत असताना खिडकी कायम पेटलेली. कुणीतरी त्या कटकटीवर टेपचा इलाज केला. खिडकी विझली आणि तीन वर्षं कुणाला काही खटकलं नाही.

म्हणून दर वार्षिक टेस्टिंगला, ट्रिप लिंक उघड्या ठेवून, प्रत्येक रिलेचा डीसी एमसीबी एकदा पाडा आणि कंट्रोल रूममध्ये खिडकी पेटते का, बझर वाजतो का, हे तिथे माणूस उभा करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे, पण टेस्ट रिपोर्टच्या छापील फॉर्मात त्याला ओळ नसते म्हणून राहून जातं.

दुसरी गोष्ट हिरव्या दिव्याची. तो दिवा रिलेच्या डब्यापुरता बोलतो. मागच्या टर्मिनलपलीकडचं त्याला ठाऊक नसतं. टेस्टिंगनंतर बी फेजच्या सीटीची शॉर्टिंग लिंक (करंट रिलेत न जाऊ देता बाहेरच वळवणारी पट्टी) टर्मिनल ब्लॉकवर तशीच राहिलेली मी पाहिलीय. मीटरच्या पानावर आर ६१, वाय ६०, बी २ अँपिअर. “मॅडम, हेल्दी आहे की!” असं ऑपरेटर दादा म्हणाले, आणि ते खरंच होतं. ८०० अँपिअरच्या सीटीवर ६० अँपिअर म्हणजे किरकोळ लोड, सीटी सुपरव्हिजन (सीटीच्या करंटवर नजर ठेवणारी तपासणी) जागं होईल एवढा असमतोल नव्हताच. लोड वाढला असता तर अलार्म आला असता, किंवा थेट अर्थ फॉल्टवर लाइन गेली असती. म्हणून शिफ्ट घेताना दिव्याबरोबर मीटरचं पान उघडा, तिन्ही फेजचे करंट आणि व्होल्टेज मेन-२शी ताडा. ट्रिप कॉइलसाठी (ब्रेकर उघडणारी कॉइल) ट्रिप सर्किट सुपरव्हिजन वेगळं असतं. तेही ब्रेकर उघडा (लाइन तुटलेली) आणि बंद (लाइन जोडलेली), अशा दोन्ही स्थितींत काम करतं का ते तपासा; काही जोडण्यांत ते ब्रेकर बंद असतानाच पाहतं.

कार्ड बदलून रिले परत सेवेत घेताना सेटिंग फाइल जुन्या फाइलशी ताडा, इंजेक्शन करा (टेस्ट किटनं करंट-व्होल्टेज देऊन तपासा), लोडवर मीटरचं पान बघा. ट्रिप लिंक लावणं सगळ्यात शेवटी, तेही मल्टीमीटर हातात घेऊन. २२० व्होल्ट बॅटरीच्या सबस्टेशनात लिंकच्या कॉइलकडच्या टोकाला अर्थच्या हिशेबात उणे ११० च्या आसपास दिसेल, ब्रेकर बंद असेल तर. रिलेकडच्या टोकाला अधिक ११० दिसता कामा नये. दिसलं, तर ट्रिप कॉन्टॅक्ट आत मिटलेला किंवा चिकटलेला आहे, समोर हिरवा दिवा असला तरी. लिंक तशीच उघडी ठेवा आणि मला फोन करा, अडीच वाजले असले तरी.