कोमिकपर्यंत मोटरसायकलने: गाइड सोबत असला तरी या चुका टाळा

हिमाचलातल्या स्पिती खोऱ्यात, काझाच्या वर, सुमारे ४,५८७ मीटरवर कोमिक गाव आहे. तिथवर नेणाऱ्या मोटरसायकल टूरमध्ये पुढे वाट दाखवणारा लीड, शेवटी कुणी मागे राहू नये म्हणून स्वीप आणि त्याच्याही मागे मेकॅनिक व सामान घेऊन बॅकअप गाडी अशी व्यवस्था असते. त्यामुळे ‘सगळं ते बघतील’ असं धरून माणूस निघतो, आणि बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. नाल्यात थ्रॉटल कधी सोडायचा नाही हे लीड तुमच्या हातानं ठरवू शकत नाही. तुमचं डोकं दुखतंय हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. बॅकअप गाडी तर तासभर मागेही असू शकते. गाइड हवाच, पण खालच्या गोष्टी रायडरनं स्वतःच सांभाळायच्या असतात.

मनालीकडून आत शिरणं

सर्वांत महाग पडणारी चूक बुकिंगच्या वेळीच होते. ‘सहा दिवसांत स्पिती’ अशा कार्यक्रमांत बऱ्याचदा मनालीहून थेट काझा गाठतात. मनाली साधारण २,०५० मीटरवर, काझा सुमारे ३,६५० मीटरवर आणि मधे ४,५५१ मीटरचा कुंझुम घाट. म्हणजे एका दिवसात झोपण्याची उंची १,६०० मीटरनं वाढते. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रात्रीला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा पर्वतीय वैद्यकातला सर्वमान्य नियम आहे. तो इथे पार मोडतो.

त्यापेक्षा सिमला, नारकंडा, कल्पा असं किन्नौरमधून आत जा आणि बाहेर पडताना कुंझुम घ्या. त्यातही एक बारकावा आहे. कल्पा सुमारे २,९६० मीटरवर आहे. पुढचा मुक्काम बरेच जण नाकोला करतात, ते ३,६६० मीटरवर, म्हणजे एका रात्रीत ७०० मीटरची उडी. ताबो ३,२८० मीटरवर आहे. दिवस लांबतो, पण नाको वाटेत पाहून झोपायला ताबोला गेलात तर शरीराला फक्त ३२० मीटर चढायचे असतात. शिवाय इ.स. ९९६ मध्ये स्थापन झालेला ताबोचा मठ सकाळी निवांत पाहता येतो.

काझात पोचल्यावर लांग्झा किंवा कोमिकला पहिल्याच रात्री होमस्टे घेऊ नका. काझा, लांग्झा, हिक्किम, कोमिक आणि परत काझा हा फेरा सुमारे ४५ किलोमीटरचा आहे. तो दिवसा करा, झोपायला खाली या. वर मुक्काम करायचाच असेल तर काझात किमान दोन रात्री काढल्यावर, आणि कसलंही लक्षण नसेल तरच.

‘मी फिट आहे, मला काही होत नाही’

सिंहगड रोज चढणाऱ्यालाही विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. दम आणि स्नायूंची ताकद वेगळी, उंचीला शरीर रुळणं वेगळं. उलट तंदुरुस्त माणूस जोर लावतो आणि लक्षणं लपवतो, म्हणून तो जास्त अडचणीत येतो.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही सुरुवात. या टप्प्यावर पॅरासिटामॉल घेऊन वर जाणं ही चूक. गोळीनं डोकेदुखी थांबेल, आजार थांबणार नाही. आहे त्याच उंचीवर राहा, पाणी प्या, दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

कोणाबद्दल शंका आली तर त्याला जमिनीवरच्या सरळ रेषेवर, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, पाय बाजूला पडला, तर मेंदूवर सूज येत असू शकते. बसल्या जागी धाप लागणं, खोकला, फेसाळ किंवा गुलाबीसर कफ ही फुप्फुसांत पाणी साचल्याची खूण. या दोन्हींत सकाळची वाट पाहायची नाही. त्या माणसाच्या हातात मोटरसायकल द्यायची नाही. त्याला बॅकअप गाडीत बसवून, ऑक्सिजन लावून लगेच खाली न्यायचं.

खाली म्हणजे कुठे, हे आधी ठरवून ठेवा. कोमिकहून काझा हे पहिलं ठिकाण, तिथे सरकारी दवाखाना आहे. त्याच्याही खाली न्यायचं असेल तर रस्ता ताबो-किन्नौरचा. मनाली नकाशावर मोठं आणि सोयीचं दिसतं, पण तिकडे जायला आधी कुंझुम चढावा लागतो, म्हणजे रुग्णाला आणखी ९०० मीटर वर न्यावं लागतं.

अ‍ॅसिटाझोलामाइड ही उंचीचा त्रास टाळण्याची गोळी घ्यायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आवर्जून सांगा. या गोळीनं बोटांना मुंग्या येतात आणि लघवी वारंवार होते. रायडर मुंग्यांना थंडी समजून हातमोजे बदलत बसतो आणि लघवी नको म्हणून पाणी कमी पितो. दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट.

गाडी ताब्यात घेताना घाई

भाड्याच्या गाडीची नंबर प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असायला हवीत. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्यानं घेतली तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. आरसी, विमा, पीयूसी या तिन्हींवरच्या तारखा बघा. गाडीभोवती फिरून, टाकीपासून इंजिनखालच्या बॅश प्लेटपर्यंत, दिवसाउजेडी व्हिडिओ काढा. परत देताना ‘हा ओरखडा कुणाचा’ यावरच बहुतेक वाद होतात.

मग दहा मिनिटं खर्च करा. क्लच लिव्हरला टोकाशी थोडा मोकळेपणा हवा, अजिबात नसेल तर क्लच कायम थोडा दाबलेला राहतो आणि चढावर जळतो. चेन मधोमध बोटानं वर-खाली हलवा. साधारण २५ ते ३० मिलिमीटर ढिली असावी, नेमका आकडा मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. स्पोक एकेक करून पान्यानं हलकेच ठोका. टणक आवाजांत मधेच बद्द आवाज आला तर तो स्पोक सैल आहे. ब्रेक पॅड टॉर्च मारून पाहा. ‘पॅड काझात बदलू’ हे ऐकून घेऊ नका, कारण तुमच्या मॉडेलचा पॅड काझात मिळेलच असं नाही.

बॅकअप गाडीत काय आहे तेही विचारा. रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ ला पुढे २१ इंची आणि मागे १७ इंची चाक असतं, तेव्हा दोन्ही मापांच्या ट्यूब हव्यात. क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, दोन्ही लिव्हर, चेन लिंक, स्पार्क प्लग, फ्यूज, टायर लिव्हर, पंप, एम-सील, झिप टाय. यातलं क्लच केबल, एक लिव्हर आणि फ्यूज तुमच्या स्वतःच्या टँक बॅगेत असू द्या.

टायरमधली हवा एकदाच बघणं

उंचीवर गेलं की टायर कडक होतात. आतली हवा तेवढीच असते, बाहेरचा दाब कमी होतो. समुद्रसपाटीला बाहेरचा दाब १४.७ पीएसआय असतो, ४,५०० मीटरवर तो साडेआठच्या आसपास येतो. खाली ३० भरलेला टायर वर गेज लावला तर तापमान तेच असताना ३६ दाखवेल. थंडीनं त्यातले तीन-चार कमी होतात. म्हणून काझात, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, स्वतःच्या गेजनं मोजा आणि कंपनीच्या आकड्यावर आणा.

सैल खडीवर आणखी तीन-चार पीएसआय कमी केले तर पकड सुधारते. त्याहून खाली जाऊ नका. ट्यूबच्या चाकात हवा फार कमी असेल तर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि टायरमध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. असं पंक्चर झालं तर पॅच लावत बसू नका, ट्यूबच बदला.

पेट्रोल सकाळी भरू म्हणणं

किन्नौरमध्ये रेकाँग पिओखाली पोवारीला भरलं की पुढचा भरवशाचा पंप काझात, सुमारे २०० किलोमीटरवर. पंधरा लिटरच्या टाकीला हे सहज जमतं, कॅन लागत नाही. खरी गल्लत काझाहून निघताना होते. मनालीपर्यंत सुमारे २०० किलोमीटर, चंद्रताल सरोवराचा फाटा धरून आणखी तीसेक, आणि त्यातला मोठा भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरचा. लिटरला २२ धरलं तरी साडेदहा लिटर लागतात. अर्ध्या टाकीवर निघालेला रायडर कुंझुमपलीकडच्या बातलच्या पुढे रिझर्व्हला येतो आणि तिथे विचारायला कुणी नसतं.

काझात पोचलात त्याच संध्याकाळी टाकी भरा. रस्ता कुठे बंद पडला तर टँकर उशिरा येतो आणि रांग लागते. पेट्रोल पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांतून नेऊ नका. उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की त्या फुगतात, झाकणातून वाफ गळते. न्यायचंच असेल तर धातूच्या जेरिकॅनमध्ये, वर थोडी जागा मोकळी ठेवून आणि बॅकअप गाडीच्या टपावर.

नाला ओलांडताना

कुंझुम उतरल्यावर मनालीकडे जाणाऱ्या ग्रांफू-बातल पट्ट्यात बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहतं. ऊन चढेल तसं बर्फ वितळतं, म्हणून तोच नाला सकाळी घोट्याएवढा आणि दुपारी तीनला गुडघ्याएवढा असतो. कुंझुमच्या अलीकडच्या लोसर गावाहून उजाडताच निघण्याचा लीडचा आग्रह त्यासाठीच असतो. नाश्त्यासाठी रेंगाळून त्याच्याशी वाद घालू नका.

पाण्यापाशी थांबा. पुढची गाडी पूर्ण पार होईपर्यंत चाक पाण्यात घालायचं नाही, कारण ती पडली तर तुम्हालाही मधेच थांबावं लागतं. तिचं चाक कुठे उडालं ते लक्षात घ्या, तिथे दगड आहे. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, थ्रॉटल स्थिर. नजर पलीकडच्या काठावर, पुढच्या चाकाखालच्या पाण्यावर नाही. पाणी बघत राहिलं की गाडी आपोआप प्रवाहाच्या दिशेनं सरकते. गाडी घसरायला लागली की लोक दचकून थ्रॉटल सोडतात, आणि सायलेन्सरमध्ये पाणी शिरायला तेवढा क्षण पुरतो. मागे बसलेल्या पिलियनला आधी उतरवा, बॅकअप गाडीतून पार करू द्या.

गाडी पाण्यात आडवी झाली तर ताबडतोब किल स्विच दाबून इंजिन बंद, आणि स्टार्टर अजिबात दाबायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग इंजिन रस्त्यावर दुरुस्त होण्यासारखं राहत नाही. गाडी बाहेर काढा, एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी काढा, स्पार्क प्लग काढा, मगच स्टार्टर मारून सिलिंडरमधलं पाणी उडवून द्या. प्लग पुसून बसवा. ऑइलचा रंग दुधट झाला असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे नाही. सुखरूप पार झालात तरी पुढचे शंभर मीटर ब्रेक हलके दाबून चालवा, ओले पॅड धरत नाहीत.

चढ, उतार आणि धूळ

लांग्झाकडच्या वळणांवर गाडी ओढत नाही अशी तक्रार येते. गाडी बिघडलेली नसते, तिथे हवाच साधारण चाळीस टक्के विरळ असते. रायडर दुसऱ्या गिअरमध्ये हाफ क्लचवर ओढत राहतो, जळका वास येतो, मग क्लच घसरू लागतो. वळणाच्या आधीच पहिला टाका आणि क्लच सोडा. वास आलाच तर इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबा.

कुंझुमवरून बातलकडे उतरताना पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, इंजिनच्या ब्रेकवर या. मागचं एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद करण्याची सोय असेल तर खडीवर बंद करा, नाहीतर मागचं चाक धरतच नाही. बहुतेक गाड्यांत चावी फिरवली की एबीएस पुन्हा चालू होतं, हे चहाच्या थांब्यानंतर विसरलं जातं.

समोरून ट्रक आला तर डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या कडेला नाही. तिथली माती पोकळ असते. मात्र दगड पडण्याचा फलक असेल तिथे कुठल्याच बाजूला थांबायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. पुढच्याची धूळ बसेल एवढं अंतर ठेवा. फाट्यावर मागचा रायडर दिसेपर्यंत थांबा.

कागद, फोन आणि परतीचं तिकीट

भारतीय नागरिकांना स्पितीसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जाण्याचा परवाना, लागत नाही, ओळखपत्र पुरतं. पण परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी, रेकाँग पिओ ते ताबो या पट्ट्यासाठी परवाना लागतो. अमेरिका-इंग्लंडहून येणारे मराठी मित्र गटात असतील तर हे टूरवाल्यांना आधीच सांगा, किन्नौर-स्पिती सीमेवरच्या सुमदोच्या चौकीवर सांगून उपयोग नाही. लडाखप्रमाणे इथे प्रीपेड सिम बंद पडत नाही, तरी लोसर सुटलं की ग्रांफूपर्यंत नेटवर्क मिळणार नाही असंच धरून चाला. घरी तसं कळवून ठेवा.

गावांत पाणी मोजकंच असतं, तेव्हा होमस्टेच्या नळावर गाडी धुऊ नका. कोरड्या शौचालयात पाणी आणि प्लास्टिक टाकायचं नाही, माती किंवा राख टाकायची. त्याचंच पुढे शेतात खत होतं.

आणि मनालीला पोचण्याच्या दुसऱ्या दिवशीचं चंदिगडचं विमान काढू नका. कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबर उघडा असतो, पण त्या काळातही अवेळी बर्फ किंवा दरड आली तर बंद होतो. मग किन्नौरमार्गे परत सिमल्याला यायला दोन-तीन दिवस जातात. तिकीट किमान दोन दिवस पुढचं काढा, नाहीतर तारीख बदलता येईल असं घ्या. विमान चुकू नये म्हणून दुपारच्या पाण्यात गाडी घालणारे रायडर या रस्त्यावर दर मोसमात दिसतात.