ओबानच्या किनाऱ्यावर फुकट गेलेला एक उन्हाळा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओबानच्या आसपास, मी दोन उन्हाळे जेलीफिश गोळा केले आणि त्यांपैकी पहिल्या उन्हाळ्याचे बहुतेक नमुने मला टाकून द्यावे लागले. या कामासाठी येणाऱ्यांना भरती-ओहोटीचे तक्ते वाचता येतात आणि स्कायफोझोआ (खरे जेलीफिश) व हायड्रोझोआ (त्यांचे सहसा लहान नातलग) यांतील भेद माहीत असतो, असे गृहीत धरून मी थेट त्या चुकीकडेच वळते.

या पाण्यात सायनिया या जेलीफिश-प्रजातीच्या (जीनसच्या) दोन जाती सापडतात, कॅपिलाटा आणि लामार्की. तांबूस-तपकिरी ती कॅपिलाटा आणि निळी ती लामार्की, हे सूत्र पहिल्याच दिवशी कोणीतरी सांगते आणि मोठ्या प्राण्यांच्या बाबतीत ते बहुधा चालतेही. परंतु लामार्की फिकट पिवळसरही असते, आणि तळहाताएवढी लहान कॅपिलाटाही फिकीच दिसते. मी रंग पाहून चिठ्ठ्या लावल्या, प्राणी अरुंद बरण्यांत कोंबले आणि सगळे फॉर्मलिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावणात ठेवले. ऑगस्टमध्ये झाकणे उघडली तेव्हा रंग गेलेले होते, छत्र्या (जेलीफिशचे घुमटाकार अंग) दुमडून चिकटल्या होत्या, संस्पर्शक (त्याखाली लोंबणारे डंखाचे धागे) तुटून तळाशी बसले होते, आणि फॉर्मलिनमुळे डीएनएचीही आशा उरली नव्हती. जिवंतपणीचे छायाचित्र एकाही नमुन्याचे नव्हते.

खरी ओळख छत्रीच्या खालच्या बाजूला असते. तेथे संस्पर्शकांचे आठ झुबके असतात. पूर्ण वाढलेल्या कॅपिलाटाच्या प्रत्येक झुबक्यात 70 ते 150, तर लामार्कीच्या झुबक्यात साधारण 40 ते 60 संस्पर्शक असतात. मात्र लहान कॅपिलाटाचे संस्पर्शकही कमीच भरतात, त्यामुळे केवळ मोजणीवर थांबणे म्हणजे रंगाऐवजी आकड्याने फसणे होय. त्याहून भरवशाची खूण स्नायूंच्या घड्यांत आहे : कॅपिलाटामध्ये जठरपोकळीचे बारीक खळगे या घड्यांत शिरलेले दिसतात, लामार्कीत ते नसतात. भिंगाखाली ते दिसायला लागेपर्यंत मला तीन आठवडे लागले, तेव्हा पहिल्या दिवशी काहीच न दिसल्यास घाबरू नये.

म्हणून प्राणी जाळ्याने न ओढता बादलीने पाण्यासकट उचलावा, काळ्या ट्रेमध्ये उलटा ठेवून मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे, संस्पर्शकाचा किंवा छत्रीच्या कडेचा लहान तुकडा 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवावा आणि उरलेला देह रुंद तोंडाच्या बरणीत फॉर्मलिनमध्ये ठेवावा. येथे आणखी एक घोळ होतो. बाजारातले फॉर्मलिन म्हणजे सुमारे 37 ते 40 टक्के फॉर्माल्डिहाइड असते. त्याचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग घेतले की जे ‘10 टक्के फॉर्मलिन’ होते, त्यात फॉर्माल्डिहाइड जेमतेम 4 टक्के असते. चिठ्ठीवर दोहोंपैकी काय लिहिले आहे, ते स्पष्ट करावे. बोलिनॉप्सिससारखे कंकतधर (जेलीफिशसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले पारदर्शक प्राणी) तर फॉर्मलिनमध्ये विरघळूनच जातात. त्यांचे छायाचित्र हाच नमुना समजावा.

हातमोज्यांबाबत मी हट्टी आहे. मेलेल्या प्राण्याच्या, एवढेच नव्हे तर जाळ्यावर वाळून गेलेल्या संस्पर्शकांतील दंशकोशिकाही (डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी) डंख करतात, आणि गोड्या पाण्याने धुतल्यास आणखी फुटतात.

खडकांवर मात्र हे घाईचे काम नाही. मोठ्या उधाणाच्या ओहोटीत समुद्रशैवालावर देठाने चिकटलेला हॅलिक्लिस्टस हा लहान देठाचा जेलीफिश शोधावा. आठ भुजांच्या मधे घेवड्याच्या दाण्यासारखे आठ चिकट अवयव दिसले की प्रजाती ठरते. तो उपटून आणण्याची गरज क्वचितच पडते.

मार्गदर्शकाविषयी एक खासगी मत नोंदवते. पहिल्या उन्हाळ्यातील माझे मार्गदर्शक बरणी पाहताच नाव सांगत, त्यामुळे मला आनंद होई आणि काहीच येत नसे. दुसऱ्या उन्हाळ्यातील बाईंनी एकदाही नाव सांगितले नाही; त्या फक्त विचारत, ‘‘खालची बाजू पाहिलीस का?’’ त्या वर्षीच्या पेटीत चार बरण्यांवर ‘सायनिया, जात अनिश्चित’ असे लिहिलेले आहे, आणि त्यांनी त्या चिठ्ठ्या तशाच ठेवल्या.