बास्केटबॉलच्या मैदानातून पडद्यावर : खेळाडूने अभिनयाची तयारी कशी करावी

ज्या व्यावसायिक बास्केटबॉलपटूला पुढे पडद्यावर काम करायचे आहे, त्याने निवृत्तीची वाट पाहू नये. खेळत असतानाच अभिनय शिकायला आरंभ करावा. या बाबतीत रिक फॉक्स याचे उदाहरण मला सर्वांत उपयुक्त वाटते. १९९१ मध्ये तो एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्स या संघात दाखल झाला आणि १९९४ मध्ये ‘ब्लू चिप्स’ या चित्रपटात एका छोट्या भूमिकेत दिसला. पुढे लॉस एंजेलिस लेकर्सकडून खेळत २०००, २००१ आणि २००२ अशी सलग तीन विजेतेपदे मिळवली, आणि लेकर्सच्या त्याच वर्षांत ‘ओझ’ या तुरुंगावरील मालिकेतही तो काम करत होता. २००४ मध्ये त्याचा खेळ थांबला, तेव्हा कॅमेऱ्यासमोरचा दहा वर्षांचा अनुभव त्याच्या गाठीशी होता.

एनबीएचा मोसम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, आणि संघ बाद फेरीत टिकला तर जूनपर्यंत चालतो. शिकण्यासाठी आणि चित्रीकरणासाठी उन्हाळ्याचे महिनेच हाती उरतात. रे ॲलनने त्यांचा उपयोग कसा केला ते पाहण्यासारखे आहे. मिलवॉकी बक्सकडून पहिला मोसम खेळून झाल्यावर, १९९७ च्या उन्हाळ्यात, दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या ‘ही गॉट गेम’ या चित्रपटातील प्रमुख भूमिकेसाठी त्याने सुमारे दोन महिने अभिनयाची रीतसर तालीम घेतली आणि मगच तो डेन्झेल वॉशिंग्टनसमोर उभा राहिला. होकार देण्यापूर्वी संघाशी झालेला करार वकिलाकडून वाचून घ्यावा, कारण एनबीएच्या करारात धोक्याच्या कृतींवर निर्बंध असतात आणि मारामारीचे किंवा मोटरसायकलचे साधे दृश्यही त्यांत अडकू शकते.

खेळाडूला सर्वांत अवघड जाते ते आपला चेहरा मोकळा ठेवणे, आणि तयारीचा मोठा वाटा मी यालाच देईन. मैदानात त्याने वर्षानुवर्षे नेमके उलटे शिकलेले असते. दुखापत दाखवायची नाही, थकवा दाखवायचा नाही, एकीकडे पाहून दुसरीकडे चेंडू द्यायचा आणि मनातला बेत प्रतिस्पर्ध्याला कळू द्यायचा नाही. क्लोज-अपमध्ये मात्र विचार आधी डोळ्यांत दिसावा लागतो आणि शब्द त्याच्या मागून यावे लागतात. यासाठी मोबाइल तिपाईवर लावून छातीपासून वरचीच चौकट ठेवावी, एखादे पत्र मनातल्या मनात वाचावे आणि नंतर ते चित्रण आवाज बंद करून पाहावे. पत्रात आनंदाची बातमी होती की दुःखाची, हे त्रयस्थ माणसाला कळले नाही, तर पुन्हा करावे. सामन्याचे चित्रण पाहून स्वतःच्या चुका शोधण्याची खेळाडूला सवय असतेच. तीच सवय येथे मोठे भांडवल ठरते, कारण नवख्या नटांना स्वतःकडे इतक्या तटस्थपणे पाहणे सहसा जमत नाही.

दुसरे भांडवल ऐकण्याचे. चांगला बास्केटबॉलपटू चेंडू हातात नसतानाही खेळत असतो. त्याचप्रमाणे समोरच्याचे वाक्य चालू असताना नटाचे काम थांबलेले नसते. ‘ही गॉट गेम’मध्ये बाप आणि मुलगा एकमेकांविरुद्ध खेळतात, त्या प्रसंगात पटकथेनुसार बापाने गुण मिळवणे अपेक्षित नव्हते, पण वॉशिंग्टन यांनी खरोखरच बास्केट केले आणि ॲलनला त्या क्षणी जे घडले त्याला उत्तर द्यावे लागले. तो ताण पडद्यावर स्पष्ट जाणवतो. म्हणून संवाद पाठ करताना केवळ आपली वाक्ये पाठ करू नयेत. जोडीदाराला दर वेळी वाक्य वेगळ्या सुरात म्हणायला सांगावे आणि आपले उत्तर त्यानुसार बदलते का, हे तपासावे.

आवाजाची पट्टी खाली आणावी लागते. गर्दीच्या कोलाहलात ओरडून सूचना देणाऱ्या गळ्याला कपड्यांत लपवलेल्या छोट्या माइकसाठी बोलणे आरंभी मिळमिळीत वाटते, ते तसेच वाटू द्यावे.

उंचीविषयी मात्र सविस्तर सांगितले पाहिजे. ७ फूट २ इंचांचा बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार आणि त्याच्यापेक्षा दीड फुटाने बुटका ब्रूस ली यांची १९७२ मध्ये चित्रित झालेली लढत आजही लोकांना आठवते, कारण तेथे उंचीतील फरक हाच दृश्याचा विषय होता. सामान्य प्रसंगात हाच फरक अडचणीचा ठरतो. दोघांचे चेहरे एका चौकटीत घेण्यासाठी सहकलाकाराला लाकडी खोक्यावर उभे करतात, किंवा दोघांना बसवतात, किंवा उंच नटाला पाय फाकवून उभे राहायला सांगतात. अशा वेळी खांदे पाडून किंवा मान वाकवून स्वतःला लहान करू नये. छायालेखकाला विचारून गुडघ्यांतून उंची कमी करावी आणि पाठ सरळ ठेवावी. नटाने कोठे थांबायचे हे दाखवणाऱ्या जमिनीवरच्या खुणेवर खाली न बघता थांबण्याचा सराव घरीच करावा. फ्री थ्रोच्या रेषेवर हजारो वेळा उभे राहिलेल्याला हे लवकर साधते.

भूमिका निवडताना घाई नडते. शकील ओनीलला १९९६ मध्ये ‘कझाम’ आणि १९९७ मध्ये ‘स्टील’ अशा थेट मुख्य भूमिका मिळाल्या. दोन्ही चित्रपटांवर समीक्षकांनी टीका केली. याउलट चक कॉनर्स पाहा. १९४६ मध्ये सेल्टिक्सच्या पहिल्याच मोसमात खेळलेल्या आणि नंतर बेसबॉलकडे वळलेल्या या खेळाडूने १९५२ मध्ये पोलिस अधिकाऱ्याची छोटी भूमिका घेतली, पुढची काही वर्षे मिळेल ते काम केले, आणि १९५८ ते १९६३ या काळात ‘द रायफलमॅन’ या मालिकेचा तो नायक झाला. फॉक्सनेही ‘ओझ’मध्ये तुरुंगात गेलेला बास्केटबॉलपटू, ‘अग्ली बेटी’मध्ये अंगरक्षक आणि ‘ग्रीनलीफ’मध्ये पत्रकार साकारला. खेळाडूची भूमिका पहिली म्हणून अवश्य घ्यावी. सलग तिसरी आली, तर नाकारावी.

आपल्याकडे बरेचसे चांगले बास्केटबॉलपटू रेल्वे, ओएनजीसी किंवा लष्कराच्या नोकरीत खेळतात, तेव्हा चित्रीकरणाची तारीख देण्याआधी खात्याची लेखी परवानगी घ्यावी. पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचे अल्पकालीन अभिनयवर्ग मोसमाबाहेरच्या काळात करता येतात. प्रायोगिक नाटकाची तालीमही उपयोगी पडते, फक्त रंगमंचावरचा मोठा आवाज आणि हातवारे कॅमेऱ्यासमोर आणू नयेत.

ऑडिशनसाठी चित्रण पाठवताना आरंभी नाव, उंची आणि येणाऱ्या भाषा सांगाव्यात, पाठीमागे साधी भिंत असावी, आणि संघाची जर्सी घालू नये. दोन प्रवेश पाठवावेत. त्यांतला एक तरी असा असावा की, त्यात खेळाचा उल्लेख नाही आणि पात्र सबंध वेळ खुर्चीवर बसलेले आहे.