दाढेचा तळ आधी वाचा, फाइल नंतर घाला

रूट कॅनॉल करताना उघडलेल्या पल्प चेंबरचा, म्हणजे दाताच्या आतल्या नसेच्या पोकळीचा, तळ भिंतींपेक्षा गडद, करडा असतो आणि कॅनॉलची, म्हणजे मुळांत उतरणाऱ्या नळ्यांची, तोंडं तळ व भिंत जिथे मिळतात त्या रेषेवरच असतात. छत पूर्ण निघाल्याशिवाय ही रेषा दिसत नाही. म्हणून नवशिक्यांनी अ‍ॅक्सेस (आत जायला पाडलेलं भोक) उगाच चिमुकला ठेवू नये. चुकलेले कॅनॉल बहुधा तिथेच चुकतात.

वरच्या पहिल्या दाढेत तीन कॅनॉल मिळाले तरी चौथा, म्हणजे एमबी-टू (गालाकडच्या पुढच्या मुळातला दुसरा कॅनॉल), आहे असं धरूनच शोधा. त्याच मुळातल्या एमबी-वनपासून टाळूच्या दिशेनं साधारण १ ते ३ मिमीवर, पॅलेटल (टाळूकडच्या) कॅनॉलकडे जाणाऱ्या रेषेच्या किंचित मेझिअल (पुढच्या दातांकडच्या) बाजूला तो असतो. त्यावर डेंटिनचा (दाताच्या आतल्या कठीण थराचा) कठडा असतो. अल्ट्रासॉनिक टिपनं (कंपनांनी खरवडणाऱ्या टोकानं) तो मेझिअल बाजूला खरवडा, सरळ खाली खणू नका. फर्केशनला (मुळं जिथे फुटतात त्या जागेला) भोक पडतं ते अशाच खणण्यानं. चेंबरमध्ये हायपोक्लोराइट (जंतू मारणारं द्रावण) भरून भिंगाखाली पाहिलं, तर दडलेल्या तोंडातून बुडबुडे उठताना दिसतात. तोंड सापडलं की ८ किंवा १० नंबरची फाइल (कॅनॉल घासायची बारीक सुई) टोकाशी वाकवून घाला, जोर अजिबात लावू नका.

खालच्या दाढेत सममिती बघा. डिस्टल (मागच्या बाजूचा) कॅनॉल मधल्या रेषेवर नसून गालाकडे सरकलेला असेल, तर तेवढ्याच अंतरावर जिभेकडे दुसरा शोधायचा. वरच्या दाढांना हा नियम लावू नका. खालच्या पहिल्या दाढेत कधी जिभेकडे वेगळं तिसरं मूळही असतं. सरळ एक्सरेत ते दुसऱ्या मुळामागे लपतं, म्हणून ट्यूब २० ते ३० अंश सरकवून दुसरा एक्सरे घ्या. हे मूळ बरेचदा गालाकडे वळतं आणि तो बाक एक्सरेत दिसतच नाही. फाइल सरळ गेल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात लेज (भिंतीत पायरी) पडतो किंवा रोटरी (यंत्रावर फिरणारी फाइल) तुटते. हातानं १५ नंबरपर्यंत वाट मोकळी झाल्याशिवाय रोटरी लावू नका.

खालच्या दुसऱ्या दाढेत मुळं जुळलेली दिसली की सी आकाराचा कॅनॉल मनात धरा. तळावर वेगळी तोंडं न दिसता एक चीर दिसते. जिभेकडची भिंत खाचेमुळे पातळ असते, तिथे गेट्स ग्लिडन (तोंड रुंद करायचं ड्रिल) फिरवलं तर भिंत फाटलीच समजा. चिरेत फाइल पोचत नाही, म्हणून सफाईचा भार हायपोक्लोराइटवर: सुई अडकू न देता, पूर्ण लांबीच्या २ मिमी अलीकडे ठेवून सोडायचं आणि अल्ट्रासॉनिकनं हलवायचं. शेवटी १७ टक्के ईडीटीए (खरवडल्याचा थर विरघळवणारं द्रावण) एक मिनिट. भरताना नुसता थंड गटापर्चा (कॅनॉल भरायचा रबरासारखा पदार्थ) चिरेत पोकळ्या सोडतो, इथे गरम करून मऊ केलेलाच वापरा.